जंगलातली आमरी, बाजारातला कंद

दिवाळी उलटून हवेत गारवा आला की काष्ठौषधींच्या दुकानांत गर्दी वाढते. डिंक, खारीक, अळीव, गोखरू, सफेद मुसळी अशा यादीत कुणीतरी सालमपंजाही लिहून आणलेला असतो. दुकानदार तो समोर मांडून ठेवत नाही, आतल्या फळीवरून काढून देतो. वस्तू हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. पिवळट-तपकिरी, जेमतेम दोन पेरांएवढी, खालच्या बाजूला दोन ते पाच बोटं फुटलेली आणि नखानं ओरखडा उठणार नाही इतकी टणक. उजेडाकडे धरली तर कडेनं किंचित पारदर्शक दिसते. वाळवण्याआधी कंद उकळतात, त्यामुळे त्यातला चिकट पदार्थ शिजून घट्ट होतो आणि कंदाला पुन्हा कोंब फुटण्याची शक्यता संपते. घरी तो कुटून दुधात शिजवायचा. अंगात ताकद येते, बाळंतिणीची झीज भरून निघते, पुरुषाला बळ मिळतं, अशी त्याची ख्याती आहे.

हा कंद एका आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा आहे, हे घेणाऱ्याच्या गावीही नसतं. ऑर्किड म्हटलं की लग्नाच्या मांडवातली जांभळी-पांढरी फुलंच डोळ्यांपुढे येतात. ती थायलंडमधल्या बागांतून किंवा आपल्याकडच्या हरितगृहांतून येतात. संकरित वाणांची लागवड करूनच तो धंदा चालतो आणि त्यासाठी कुणाला जंगलात शिरावं लागत नाही. हे पुस्तक त्या फुलांविषयी नाही. जंगलातून उपटून, खणून, खरवडून आणलेल्या आमरींचा जो व्यापार औषध, खाद्य आणि हौस या तीन वाटांनी चालतो, तो टिकू शकेल का, आणि टिकायचा असेल तर कोणत्या अटींवर, हा या लेखांचा विषय आहे. प्रस्तावनेत मी मुख्यतः सालमपंज्याच्याच आधारानं बोलणार आहे. या व्यापारातली जवळजवळ प्रत्येक अडचण त्या एका कंदात सापडते.

ही वनस्पती, डॅक्टिलोऱ्हायझा हाटागिरिया, हिमालयात साधारण अडीच ते साडेचार हजार मीटर उंचीवर वाढते. काश्मीर-लडाखपासून हिमाचल, उत्तराखंड, नेपाळपर्यंतची ओलसर कुरणं हे तिचं घर. गढवाली माणूस या कुरणांना बुग्याल म्हणतो, आणि कंदाला हाताजडी. नेपाळात त्यालाच पाँचऔंले म्हणतात. बर्फ वितळल्यावर पानं येतात, जून-जुलैत जांभळट फुलांचा तुरा उभा राहतो, सप्टेंबरपर्यंत शेंगा पिकतात. जमिनीखाली या काळात दोन कंद असतात. एक गेल्या वर्षीचा. त्यानं यंदाची पानं-फुलं पोसलेली असतात आणि तो सुरकुतत चाललेला असतो. दुसरा यंदा भरत आलेला, गोरा आणि रसरशीत. थंडीत वरचं सगळं झडून जातं आणि हा एकटा नवा कंद बर्फाखाली पुढच्या वर्षाची वाट पाहतो. बाजाराला हवा असतो तो नेमका हाच.

गवतात ही वनस्पती ओळखू येते ती तुऱ्यामुळे. म्हणजे खणणाऱ्याला ती सापडते फुलावर असताना, बी धरायच्या आधी. फूल नसलेलं लहान रोप वाचतं, पण ज्याच्याकडून पुढची पिढी यायची ते मोठं झाडच आधी जातं. तुर्कस्तानात याच जातकुळीचे कंद गोळा करणारे नवा कंद घेऊन जुना परत मातीत दाबतात. त्यात भावना चांगली असते. पण तो कंद आपलं काम आटोपून बसलेला असतो आणि त्याच्याकडून फारशी आशा करता येत नाही.

मग बियांचं काय? बिया तर मोजता येऊ नयेत इतक्या असतात. चार्ल्स डार्विननं सालमपंज्याच्याच प्रजातीतल्या एका युरोपीय आमरीच्या बिया मोजल्या होत्या. एका शेंगेत सुमारे 6,200 आणि एका झाडावर 1,86,300 असा त्याचा हिशेब. सगळ्या रुजल्या तर तिसऱ्या-चौथ्या पिढीत पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन या एकाच झाडाच्या संततीनं झाकली जाईल, असंही गणित त्यानं मांडलं, आणि तसं होऊ न देणारी गोष्ट कोणती हे माहीत नाही, असं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. उत्तराचा मोठा भाग 1899 मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागला. आमरीचं बी शिदोरीशिवाय घराबाहेर पडतं. गहू-हरभऱ्याच्या दाण्यात अंकुरासाठी अन्न साठवलेलं असतं. आमरीच्या धुळीसारख्या बीत ते जवळजवळ नसतंच. जमिनीतली विशिष्ट बुरशी त्याच्यात शिरली आणि तिनं त्याला पोसलं तरच ते रुजतं. लाखांतल्या काहींनाच ती बुरशी भेटते, आणि रुजल्यावरही फुलावर यायला कित्येक वर्षं जातात. बुरशी त्या जागेच्या मातीची, ओलीची आणि सावलीची असते. म्हणून आमरी उपटून नेली की झाड जातंच, शिवाय खणून उलथलेल्या जागेत पुन्हा रोप उभं राहायला माती तशीच राहावी लागते.

हा जीवनक्रम एकदा समजून घेतला की पुढचे आकडे निराळ्या नजरेनं वाचता येतात. तुर्कस्तानात आमरीच्या कंदांची पूड, सालेप, घालून थंडीत गरम दुधाचं पेय करतात आणि मराशचं ते प्रसिद्ध ताणलं जाणारं आइस्क्रीमही तिच्यावरच उभं आहे. एक किलो वाळक्या सालेपला कंदांच्या आकाराप्रमाणे एक ते चार हजार कंद लागतात. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं त्या एका देशात वर्षाला 1 ते 2 कोटी कंद खणले जात असल्याचा अंदाज केला होता. आफ्रिकेत झांबियातले लोक आमरीचे कंद कुटून, शेंगदाण्याच्या कुटासह शिजवून चिकांडा नावाची वडी करतात आणि ती कापून विकतात. पूर्वी हे घरचं, गरिबाचं खाणं होतं. शहरांत त्याला मागणी आली, झांबियातले कंद पुरेनासे झाले आणि व्यापारी सीमेपलीकडे टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ कुरणांत शिरले. 2003 च्या एका अभ्यासानुसार तिथून दर वर्षी 22 ते 41 लाख कंद झांबियात जात होते. त्याच भागातल्या किटुलो पठाराला पुढे 2005 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. फुलांसाठी उद्यान व्हावं असं ते पठार आहे. कासचं पठार पाहिलेल्या मराठी माणसाला किटुलोची कल्पना चटकन येईल.

हौसेच्या बाजारानं तर याहून कमी वेळात याहून जास्त नासधूस केलेली आहे, आणि तिची सुरुवात आपल्याच देशात दिसते. जोसेफ हूकर 1850 मध्ये खासी टेकड्यांत होता. तिथल्या ओकच्या झाडांवर त्याला निळी व्हँडा भरभरून फुललेली दिसली. लंडनच्या क्यू बागेसाठी त्यानं सात माणसांना उचलावं लागेल एवढं ओझं गोळा केलं आणि त्यातली फारच थोडी झाडं जिवंत पोचली. एका गृहस्थाच्या माळ्यानं त्याच जागेवरून एका माणसाचं ओझं धाडलं, ते वाईट अवस्थेत पोचूनही 300 पौंडांना विकलं गेलं. हूकरनं हे सगळं स्वतःच्या प्रवासवर्णनात लिहिलं, आणि मेहनती माणूस एका हंगामात खासी आमरींवर दोन-तीन हजार पौंड सहज कमावेल, असा हिशेबही दिला. तो मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, हिमालयाच्या वनस्पतींवर त्याचं अपार प्रेम होतं. तरी त्या पानावर त्याला झाडं संपतील अशी शंका आलेली दिसत नाही, आणि मला ते पान वाचताना दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. दीडशे वर्षांनी व्हिएतनाममध्ये काय झालं पाहा. एका नव्या स्लिपर ऑर्किडचं शास्त्रीय वर्णन 1999 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि अवघ्या काही वर्षांत संग्राहकांच्या मागणीनं ती जात जंगलातून जवळजवळ नाहीशी झाली. आज नव्या आमरीचा शोध जाहीर करताना अनेक अभ्यासक नेमकी जागा मुद्दाम छापत नाहीत. आपल्या सह्याद्रीत फिरणाऱ्यांनीही फोटोखाली जागेचा नकाशा टाकण्याची सवय सोडावी, असं मला वाटतं.

कायदे झाले नाहीत असं नाही. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, साइट्स, 1973 मध्ये वॉशिंग्टनला झाला. भारत त्यात 1976 मध्ये सामील झाला. सगळंच्या सगळं ऑर्किड कुळ या कराराखाली येतं. काही मोजक्या जाती सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आणि बाकी हजारो जाती दुसऱ्यात. साइट्सच्या याद्यांत जितक्या जाती आहेत त्यांतल्या 70 टक्क्यांहून अधिक एकट्या ऑर्किडच्या आहेत, हे फारसं कुणाला माहीत नसतं. वाघ आणि हस्तिदंत बातम्यांत येतात, यादी मात्र आमरींनी भरलेली आहे. दुसऱ्या परिशिष्टातल्या वनस्पतीला व्यापाराची बंदी नसते. मात्र जंगलातून घेतलेल्या मालानं तिचं जंगलातलं अस्तित्व धोक्यात येत नाही, असं त्या देशाच्या शास्त्रीय यंत्रणेनं ठरवावं लागतं, आणि त्यासाठी झाडं किती आहेत, किती जातात, किती नव्यानं उगवतात याची नोंद लागते. बहुतेक कंदवाल्या आमरींची अशी नोंद नाही. शिवाय साइट्सचा अंमल देशाच्या सीमेवर. उत्तराखंडातल्या चमोलीहून निघून ऋषिकेश, दिल्लीमार्गे पुण्या-मुंबईच्या दुकानात पोचणारा कंद कुठलीच आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडत नाही. नेपाळनं पाँचऔंले गोळा करायला आणि विकायला बंदी घातली आहे, पण नेपाळ आणि भारत यांच्यामधली सीमा उघडी आहे.

आपल्या वन्यजीव कायद्यात 1991 मध्ये वनस्पतींसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातल्या पहिल्या यादीत निळी व्हँडा, तांबडी व्हँडा आणि स्लिपर ऑर्किड होत्या. म्हणजे देखण्या फुलांच्या आमरींकडे कायद्याचं लक्ष आधी गेलं. जमिनीखाली कंद धरणाऱ्या, साध्या हिरवट फुलांच्या आमरी त्या यादीत नव्हत्या.

यातून मला जे म्हणायचं आहे ते असं. बंदी आणि मोकळीक या दोहोंमध्ये आपण अडकलो आहोत, आणि खणणाऱ्याच्या हाती दोन्हींतून काही येत नाही. बुग्यालावर जाणारा माणूस गरीब असतो, पण अडाणी नसतो. बी पडून गेल्यावर, शरदात कंद काढावा, डोळा असलेला तुकडा परत मातीत ठेवावा, लहान रोपं सोडावीत हे जुन्या जाणत्यांना ठाऊक असतं. तरी तो जुलैतच खणतो. कारण कुरण कुणाचंच नाही. आज सोडलेला कंद ऑक्टोबरपर्यंत आपल्यासाठी राहणार नाही, उद्या कुणीतरी दुसरा नेईल, हे त्याला पक्कं माहीत असतं. मे-जूनमध्ये कीडाजडी या महागड्या औषधी बुरशीच्या शोधात शेकडो लोक याच उंचीवर तंबू टाकतात, त्यामुळे वर्दळही वाढलेली आहे. आणि माल बेकायदा असल्यामुळे त्याला दर ठरवता येत नाही. व्यापारी देईल ते घ्यायचं, गप्प उतरायचं. शहरात किलोला हजारोंनी रुपये मोजले जातात, त्यातला त्याचा वाटा किरकोळ. ज्याला उद्याची खात्री नाही त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, असं मला वाटतं.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाची आठवण इथे येते. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, आणि कधी, किती, कुणी तोडायचं हे गाव ठरवू लागलं. बांबू भराभर वाढतो, आमरी वाढत नाही. त्यामुळे मेंढ्याचं जसंच्या तसं बुग्यालावर नेता येणार नाही. पण जिथे हक्क गावाचा तिथे हंगाम पाळणं शक्य होतं, हा धडा घेता येतो. जैवविविधता कायद्यानं 2002 मध्ये लाभाच्या वाटपाची तरतूद केली होती. 2018 च्या अखेरीस उत्तराखंड उच्च न्यायालयानं देशी औषधकंपन्यांनाही हा वाटा द्यावा लागेल असा निकाल दिला, तेव्हा डोंगरी गावांना आशा वाटली होती. 2023 च्या दुरुस्तीनं ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला त्यातून सूट मिळाली. आयुर्वेदातल्या वनस्पती ग्रंथबद्धच असतात. मला ही सूट चुकीची वाटते. ज्ञान ग्रंथातलं असलं तरी कंद कुणाच्यातरी कुरणातला असतो.

आयुर्वेदाचाच विषय निघाला आहे तर अष्टवर्गाकडे वळायला हवं. च्यवनप्राशाच्या पाठात येणाऱ्या या आठ वनस्पतींपैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार हिमालयातल्या आमरी मानल्या जातात. सोळाव्या शतकात भावमिश्रानं भावप्रकाशात अष्टवर्ग राजांनाही दुर्मिळ असल्याचं नोंदवून वैद्यांना पर्याय सांगितले. मेदा-महामेदाच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराहीकंद. प्रतिनिधी द्रव्याची ही परंपरा शास्त्राची कमजोरी नाही. वनस्पती मिळत नाही तेव्हा तिच्यामागे लागून ती संपवायची नाही, हे त्या काळच्या वैद्यानं व्यवहारातच मान्य केलं होतं. आज काही जाहिराती ‘अस्सल अष्टवर्गयुक्त’ म्हणून माल खपवतात, त्या या परंपरेच्या उलट जातात. अर्थात पर्याय म्हटलं की प्रश्न मिटला असंही नाही. अश्वगंधा मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे शेतात पिकते, शतावरीही पिकवता येते. विदारीकंद आणि वाराहीकंद मात्र अजून बहुतांशी रानातूनच येतात, आणि मागणी त्यांच्याकडे वळली तर तीच गोष्ट सह्याद्रीत घडेल.

लागवडीकडे सगळे बोट दाखवतात. ते योग्यही आहे. लाहौलमध्ये कुठ ही संरक्षित वनस्पती गेली अनेक दशकं शेतात पिकते आहे. सालमपंज्याचा कंद विभागून लावता येतो, प्रयोगशाळेत बुरशीशिवाय साखरेच्या माध्यमावर बी रुजवण्याची युक्ती अमेरिकेत लुइस नडसननं 1922 मध्येच दाखवली, आणि सिक्कीममध्ये पाक्योंगला 1996 पासून ऑर्किडांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. पण उंचावरच्या शेतकऱ्याला पहिलं पीक हाती यायला काही वर्षं थांबावं लागतं. मधल्या काळात त्याला आधार हवा, आणि आपला माल शेतातला आहे हे सिद्ध करण्याची सोपी वाट हवी. नाहीतर प्रामाणिक शेतकरीच चौकीवर अडतो. चीनचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. तिथे औषधी डेंड्रोबियमची प्रचंड लागवड झाली, तरी जंगलातल्या मालाला जास्त भाव मिळत राहिला. रानातलं ते गुणाचं, हा समज गिऱ्हाइकाच्या मनात असेपर्यंत शेतीनं जंगलावरचा भार पूर्ण उतरत नाही. हा समज आपल्याकडेही घट्ट आहे, आणि तो मोडायचं काम वैद्यांनी केलं तर सर्वांत लवकर होईल. त्यांचा शब्द माणसं ऐकतात.

आमरी घ्यायचीच नाही, असं मी म्हणत नाही. काय घेता यावर सगळं आहे. आसामात रंगाली बिहूला मुली कपौ फूल केसांत माळतात. आपल्या सह्याद्रीत तीच आमरी सीतेची वेणी म्हणून ओळखली जाते. नुसता तुरा खुडला तर त्या झाडाचं त्या वर्षीचं बी जातं, झाड फांदीवर राहतं आणि पुढच्या चैत्रात पुन्हा फुलतं. थोडे तुरे मागे सोडले तर हा वापर पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतो. आपल्याकडे घाटात फिरायला गेलेली माणसं मात्र सीतेची वेणी मुळांसकट, कधी फांदीसकट ओरबाडून आणतात आणि गॅलरीत टांगतात. तिथे धुकं नाही, ती साल नाही. बहुतेक झाडं पुढचा पावसाळा पाहत नाहीत. दुसरीकडे, रस्तारुंदीकरणात तोडलेल्या जुन्या आंब्या-जांभळांवरच्या आमरी लाकडाबरोबर नष्ट होतात. त्या आधी उतरवून शेजारच्या उभ्या झाडांवर बांधता येतात, आणि वनखात्यानं तोडीच्या परवानगीतच ही अट घालायला हवी.

महाराष्ट्रातला आपला खास प्रश्न अमरकंदाचा आहे. युलोफिया प्रजातीचे हे कंद सातपुड्यात आणि सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात अन्न आणि शक्तिवर्धक म्हणून खाल्ले जातात. घरापुरता काढला तर तो टिकत आला आहे. झांबियातही चिकांडा घरापुरता होता तोवर कंद टिकले. अमरकंदाची पूड शहरात पॅकबंद विकायला लागण्याआधी गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांत तो कुठे वाढतो, कोण काढतं, कोणत्या महिन्यात आणि साधारण किती, हे लिहून झालं पाहिजे. नुसतं नाव नोंदवून उपयोग नाही. नोंदीतली नेमकी जागा गावाबाहेर जाऊ नये, एवढी काळजीही घ्यायला हवी.

या पुस्तकातले लेख वनस्पतिशास्त्र, कायदा, वैद्यक आणि बाजार अशा निरनिराळ्या अंगांनी लिहिलेले आहेत आणि लेखकांचं एकमेकांशी सगळीकडे पटतं असंही नाही. बंदी कडक करावी म्हणणारे यात आहेत, ती उठवून गावाकडे हक्क द्यावा म्हणणारेही आहेत. मी दुसऱ्या बाजूचा आहे, हे वाचकाला एव्हाना कळलंच असेल. तरीही कंद खणणाऱ्यांवरचा लेख आधी वाचावा आणि कायद्याचं प्रकरण मग उघडावं, अशी माझी विनंती आहे. कलमांची चर्चा त्यानंतर अधिक नीट समजेल.